हजेरीपटावरची सही
(सैन्यातील बाह्यसेवांच्या कंत्राटांविषयी काही विचार)



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या समोरच्या बाकावर मी पाच वर्षे बसलो आहे. माझा जन्म पेडणे महालातला. शिक्षणासाठी मात्र मी डिचोलीला मामांच्या घरी राहिलो. गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. परंतु आज त्यांची आठवण होते ती गणितापेक्षा हजेरीमुळे. नाव पुकारल्यावर ‘हजर’ असा आवाज आला, तरी तेवढ्यावर ते खूण करीत नसत. चष्म्याच्या वरून त्या बाकाकडे पाहत, चेहरा ओळखीत आणि मगच लेखणी टेकवीत. आम्हां मुलांना तो वेळेचा निव्वळ अपव्यय वाटे. पुढे संरक्षण लेखा विभागात देयके तपासण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा त्या एका दृष्टिक्षेपाचे मोल काय असते आणि तो टाळला तर किंमत कोण भरतो, हे मला फार उशिरा कळले. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

संयोजकांनी विषय विचारला त्या वेळी मी ‘सैन्यातील बाह्यसेवांची कंत्राटे आणि त्यांचे व्यवस्थापन’ असे कळविले. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग अत्यंत अदबीने, ‘यापेक्षा थोडा लोकांच्या जवळचा विषय घेता येईल काय?’ अशी विचारणा झाली. त्यावर मी एवढेच म्हणालो, की पेडण्याहून पहाटेची बस पकडून कामाला जाणाऱ्या माणसांना विचारून पाहा. कोणी एखाद्या लष्करी वा नाविक आस्थापनेच्या दारावर पहारा देतो, कोणी तेथील भोजनगृहात भांडी घासते, कोणी बागेत गवत कापतो. हे सारे सैन्याचे काम करतात; सैन्याचे नोकर मात्र नसतात. त्यांचा मालक कंत्राटदार. हा विषय लोकांच्या याहून अधिक जवळ कसा आणावा, हे मला ठाऊक नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संरक्षण खात्याची खरेदी दोन प्रकारची असते. विमाने, नौका, तोफा ही भांडवली खरेदी. तिच्याविषयी वर्तमानपत्रांत मथळे येतात, संसदेत प्रश्न विचारले जातात. आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर नोव्हेंबर 2014 ते मार्च 2017 या काळात देशाचे संरक्षणमंत्री होते; त्यांच्या कारकिर्दीत 2016 साली जी नवी संरक्षण खरेदी कार्यपद्धती आली, ती या पहिल्या प्रकाराची. दुसरी महसुली खरेदी. सुटे भाग, शिधा, कपडे, दुरुस्ती आणि सेवा ह्या सर्व गोष्टी तीत येतात. तिच्यासाठी 2009 सालची एक स्वतंत्र नियमपुस्तिका होती. तिच्या जागी नवी पुस्तिका आली असून ती 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. बाह्यसेवा, म्हणजे सफाई, पहारा, भोजनव्यवस्था, वाहने, यंत्रांची वार्षिक देखभाल इत्यादी कामे बाहेरच्या माणसाकडून मोबदला देऊन करून घेणे, हा या दुसऱ्या खरेदीतला एक कोपरा आहे. कोपरा असल्यामुळेच तिथे प्रकाश कमी.

वस्तू विकत घेणे आणि सेवा विकत घेणे यांत एक मूलभूत अंतर आहे. माझे मामा खनिजाच्या धंद्यात होते. डिचोलीच्या खाणीवरून ट्रक निघाला, की तो वजनकाट्यावर चढे. भरलेल्याचे वजन, रिकाम्याचे वजन, वजाबाकी झाली की खेपेचे पैसे ठरले. बार्जवर माल चढताना पुन्हा मोजणी होई. मोजणीत लबाडी होत नसे असे मी म्हणणार नाही, परंतु लबाडी करायला निदान काटा तरी होता. कोणाला संशय आला, तर ढीग दुसऱ्या दिवशीही तिथेच पडलेला असे. सेवेचा ढीग पडत नाही. काल रात्री दोन ते चार या वेळात पहारेकरी जागा होता की झोपला होता, हे आज सकाळी कोणत्या काट्यावर तोलणार? सेवा ज्या क्षणी दिली जाते त्याच क्षणी संपते. तिच्यामागे उरतो तो कागद, आणि त्या कागदावरची कोणाची तरी सही. म्हणून सेवेच्या कंत्राटात करारावर सह्या झाल्या म्हणजे काम संपले असे जे मानले जाते, ते साफ उलटे आहे. खरे काम तेथून सुरू होते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत बाह्यसेवांविषयीच्या प्रकरणात असे स्पष्ट सांगितले आहे, की खात्याने कंत्राटाच्या संपूर्ण काळात स्वतः लक्ष घालावे आणि कंत्राटदाराच्या कामावर सतत देखरेख ठेवावी. नियम दोन ओळींचा आहे. निविदेच्या नियमांना पाने लागली आहेत, आणि बहुतेक अधिकारी परीक्षेपुरती ती पानेच पाठ करतात.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. सैन्याने स्वतः काय ठेवावे आणि बाहेरून काय घ्यावे, याचा विचार मराठी मुलखात तीनशे वर्षांहून अधिक काळ झाला आहे. शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते, हे आपण शाळेतच शिकलो. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदार आपला घोडा आणि हत्यार घेऊन येई. आजच्या भाषेत बोलायचे तर बारगीर हा खात्यातला, शिलेदार हा कंत्राटी. शिलेदार सरकारला स्वस्त पडे, कारण घोडा विकत घेण्याचा व पोसण्याचा भार त्याच्यावर. पण घोडा मेला तर तो देशोधडीला लागे. तेव्हा ऐन गर्दीत घोडा घालताना त्याचा हात आखडत असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? जोखीम ज्याच्या माथी टाकाल, तो ती जपूनच वागणार. सभासदाच्या बखरीत आणखी एक बारकावा आहे. पंचवीस बारगिरांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला असे. नाल ठोकणे आणि पाणी वाहणे ही वरकरणी किरकोळ कामे; तरी ती पथकाच्या आतच ठेवलेली होती. नाल निखळलेला घोडा आणि तहानलेला स्वार लढत नाही, हे ज्याने ही व्यवस्था घातली त्याला ठाऊक होते.

दुसऱ्या बाजूचेही उदाहरण आहे. 1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज श्रीरंगपट्टणाजवळून मागे फिरत होती. अन्न संपले होते, बैल मेले होते, तोफा ओढायला जनावर नसल्याने वेढ्याच्या तोफा त्याला स्वतःच निकामी कराव्या लागल्या होत्या. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा बाजार. धान्य, कापड, सारे काही त्या बाजारात मिळत होते. इंग्रजांना दर अर्थातच चढे पडले. हा बाजार सरकारी कोठीचा नव्हता. व्यापारी आपल्या भांडवलावर, आपल्या जोखमीने फौजेबरोबर चालत, आणि धान्याचे तांडे बंजारे आणीत. पुढे इंग्रजांनीही बंजाऱ्यांशी धान्याचे करार केले. म्हणजे बाहेरची सेवा सरसकट वाईट असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ती कोठे चालते आणि कोठे चालत नाही, एवढाच प्रश्न. धान्य मोजता येते, पोते उघडून पाहता येते, आणि एका बंजाऱ्याने दगा दिला तर दुसरा तांडा मागे असतो.

आणि मोजता न येणाऱ्या गोष्टीचे काय होते, तेही जुन्यांना ठाऊक होते. एकच घोडा दोन सरदारांच्या हजेरीत उभा करून दोन पगार उचलण्याची युक्ती फार प्राचीन आहे. अल्लाउद्दीन खिलजीने त्यावर घोड्याला डाग देण्याची पद्धत काढली, अकबराने ती पुन्हा कडक केली. तापलेल्या लोखंडाची ती खूण म्हणजे लेखापरीक्षणाचे आद्य हत्यार होय, असे आम्ही लेखाखात्यातील माणसे थट्टेने म्हणत असू. हा घोडा कृपया लक्षात ठेवावा. पुढे तो माझ्याच टेबलावर येणार आहे.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. संरक्षण आस्थापनांत बाहेरून सेवा घेण्याचे प्रमाण वाढले, त्याला कोणाची एकाची लहर कारण नव्हती. पाचव्या वेतन आयोगानंतर नोकरशाहीचा आकार कमी करण्याचे धोरण आले. मे 2001 मधील केंद्राच्या आदेशाने सरळ भरतीच्या रिक्त जागांपैकी साधारण एक-तृतीयांशच भरण्याची मुभा राहिली. सहाव्या वेतन आयोगाने 2008 साली चतुर्थ श्रेणीतील भरतीच थांबवावी असे सुचविले. सफाईवाला निवृत्त झाला, माळी निवृत्त झाला, जागा गेली. पण आवारातला पालापाचोळा काही आदेश वाचून गळायचा थांबत नाही. ते काम कोणीतरी करावेच लागले, आणि ते कंत्राटाने होऊ लागले. पुढे लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2016 च्या अखेरीस अहवाल दिला. लढणाऱ्या दलाचे बळ वाढवावे आणि मागच्या बाजूचा पसारा आवरावा, हा त्याचा आशय. सैन्याची दूधशेते त्यानंतर बंद झाली. पहिले शेत 1 फेब्रुवारी 1889 रोजी अलाहाबादला सुरू झाले होते. 2021 साली हा विभाग विसर्जित झाला. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. 1889 साली छावणीला शुद्ध दूध मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. आज सहकारी दूधसंघ आहेत, आणि दुधाची स्निग्धता पाच मिनिटांत मोजता येते. पुन्हा तीच कसोटी: मोजता येते, आणि दुसरा पुरवठादार आहे.

या कसोटीवर पहारा कसा उतरतो, ते पाहू. येथे थोडे अंकगणित आहे. गुरुजींच्या व्याख्यानमालेत ते चालावे. एका फाटकावर अहोरात्र एक माणूस हवा. आठवड्याचे तास किती? 168. एका माणसाने कायद्याप्रमाणे आठवड्यात 48 तास काम करायचे. 168 भागिले 48 म्हणजे साडेतीन. त्यात सणाच्या सुट्ट्या, आजारपण, रजा धरली, तर एका जागेला जवळजवळ चार माणसे लागतात. आता निविदेचा तक्ता पाहा. तीन पाळ्या, दहा जागा, म्हणून तीस माणसे, असे अनेक ठिकाणी डोळे मिटून लिहिलेले असते. त्या तीस जणांना साप्ताहिक सुट्टी मिळणे गणितानेच अशक्य आहे. कोणीतरी सोळा तास उभा राहणार, किंवा कोणती तरी जागा रिकामी राहणार आणि हजेरीपटावर भरलेली दिसणार. खोटा हजेरीपट हा पुष्कळदा कंत्राटदाराच्या लबाडीतून जन्मत नाही. तो निविदा लिहिणाऱ्याच्या चुकीच्या भागाकारातून जन्मतो. हे मी अनुभवाने सांगतो, कारण असे तक्ते माझ्याही टेबलावरून पुढे गेले आहेत.

मग दराचा प्रश्न. आपल्याकडे पावणी सर्वांनी पाहिली आहे. काजूच्या बागांची पावणी होते, तेव्हा जो सर्वांत वर जातो त्याला बाग मिळते. निविदेत उलटे, जो सर्वांत खाली येतो तो जिंकतो. पावणीत फार वर गेलेला माणूस स्वतः बुडतो. निविदेत फार खाली आलेला माणूस स्वतः बुडत नाही, तो आपल्या माणसांना बुडवितो. कारण सेवेच्या कंत्राटात खर्चाचा मुख्य भाग मजुरीचा असतो. किमान वेतन ठरलेले, भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा यांचा हिस्सा ठरलेला. मग स्पर्धा उरते ती केवळ कंत्राटदाराच्या सेवाशुल्कात. ते शुल्क शून्य लिहून निविदा भरल्या जात. फुकट सेवा देणारा हा परोपकारी मनुष्य आपले घर कशावर चालवितो, असा प्रश्न विचारायला हवा होता. 2014 च्या जानेवारीत केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तो विचारला, आणि शून्य शुल्काची निविदा ग्राह्य धरू नये असा आदेश काढला. त्यानंतर शून्याच्या जागी एका पैशाचे आकडे येऊ लागले. आदेशाचे शब्दशः पालन कसे करावे, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असे कोणी समजू नये. 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी जी-फोर-एस या बलाढ्य कंपनीने सुमारे 10,400 सुरक्षारक्षक पुरविण्याचे कंत्राट घेतले होते. स्पर्धा दोन-अडीच आठवड्यांवर आली असता तेवढी माणसे देता येणार नाहीत असे उघड झाले, आणि ब्रिटिश सरकारला आणखी 3,500 सैनिक उभे करावे लागले. कंत्राट कोणाचेही असो, शेवटची जबाबदारी बाहेर देता येत नाही. दंडाचे कलम होते, पण दंडाच्या पावतीला फाटकावर उभे करता येत नाही. आपल्या 2009 च्या पुस्तिकेतील विलंबाचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के, असा होता. वस्तू उशिरा आली तर तो ठीक. पण कालच्या रात्रीचा पहारा पुढच्या आठवड्यात आणून देता येतो काय?

तांत्रिक सेवांची गोष्ट थोडी निराळी, आणि तिचे उदाहरण गोव्यातच आहे. दाबोळीच्या आय.एन.एस. हंसा तळावर मिग-29-के ही नौदलाची विमाने आहेत. महालेखापरीक्षकांच्या 2016 च्या अहवालात या एकासनी विमानांची प्रत्यक्ष सज्जता सुमारे 16 ते 38 टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे नमूद आहे. म्हणजे शंभर दिवसांत फार तर अडतीस दिवस विमान उडण्याच्या स्थितीत. विमान विकत घेताना सुटे भाग आणि देखभाल यांचा विचार कसा व किती केला, हा येथे खरा प्रश्न आहे. त्याच वर्षी झालेल्या राफेलच्या करारात 75 टक्के सज्जतेची हमी घेतल्याचे सांगण्यात आले. येथे पैसे दुरुस्तीच्या फेऱ्यांना न देता परिणामाला दिले जातात. विमान जमिनीवर राहिले तर तोटा विक्रेत्याचा. विमानाच्या बाबतीत हे साधते, कारण विमान सज्ज आहे की नाही हे दररोज सकाळी नोंदले जाते आणि ते नोंदविणारा माणूस गणवेशातला असतो. ज्या कामाचा परिणाम मोजता येतो, तेथे परिणामाला पैसे द्यावेत. सफाईतही हे काही अंशी शक्य आहे: इतक्या स्त्रिया पाठवा असे न म्हणता इतके चौरस मीटर स्वच्छ ठेवा असे म्हणावे. मात्र मग ते आवार रोज कोणीतरी फिरून पाहावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी तेच नको असते.

आता त्या घोड्याकडे वळतो.

2009-10 चा सुमार. पश्चिम किनाऱ्यावरील एक आस्थापना. तिचे नाव मी घेणार नाही, कारण दोष तिच्याइतकाच माझा आहे. सफाईचे कंत्राट होते, तीस स्त्रियांचे. दर महिन्याला देयक येई. सोबत हजेरीपट, वेतनपत्रक आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याचे चलन. हजेरीपटावर आस्थापनेच्या अधिकाऱ्याची सही, वेतनपत्रकावर अंगठे व सह्या, चलनावर बँकेचा शिक्का. मी तपासणी करी आणि देयक मंजूर होई. सव्वीस महिने हा क्रम चालला. त्या काळच्या चलनावर एकूण रक्कम आणि कंत्राटदाराचा संकेतांक असे; कोणत्या माणसाच्या खात्यात किती पैसे गेले, ते नसे. नावानिशी भरणा करण्याची संगणकीय पद्धत 2012 साली आली. मी रक्कम पडताळली, ती वेतनपत्रकाशी जुळत होती. त्यापलीकडे पाहिले नाही.

मुदत संपली. आस्थापनेने ‘काही येणे बाकी नाही’ असा दाखला दिला, मी संमती लिहिली, आणि कंत्राटदाराची सुरक्षा ठेव परत गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी एक बाई कार्यालयात मला भेटायला आल्या. पेडण्याच्या एका गावातून दोन बसगाड्या बदलून आल्या होत्या. ‘भाऊ, तुम्ही आमच्या बाजूचे असे कळले, म्हणून आले,’ असे म्हणून त्या उभ्याच राहिल्या. बसा म्हटले तरी खुर्चीच्या कडेवरच टेकल्या. पतीच्या शस्त्रक्रियेसाठी निधीतले पैसे काढायला गेल्या असता, खात्यावर चारच महिन्यांचा भरणा असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. पगारातून कपात मात्र सव्वीस महिने झाली होती.

मी सर्व चलने काढून पुन्हा पाहिली. मग त्याच कंत्राटदाराचे दुसऱ्या एका आस्थापनेत असलेले काम आठवले आणि तेथील देयके मागविली. चलने तीच होती. तोच दिनांक, तोच शिक्का, तीच रक्कम. एका भरण्याच्या छायाप्रती दोन ठिकाणी जोडल्या होत्या, आणि तो भरणा बहुतांशी तिकडच्या माणसांचा होता. एकच घोडा दोन हजेऱ्यांत उभा होता, आणि त्याला डाग आहे की नाही हे पाहण्याचे काम ज्याचे होते, तो मी होतो. मूळ चलन मागवावे, महिन्यातून एकदा तरी एखाद्या कामगाराचे खाते तपासावे, एवढे पुरे होते. नियमात त्याला मनाई नव्हती. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात तर वेतन वाटले जात असताना मुख्य नियोक्त्याचा प्रतिनिधी हजर असावा आणि त्याने तसे प्रमाणित करावे अशी तरतूदच होती. असा प्रतिनिधी त्या आस्थापनेत कागदावर होता. वेतनवाटपाच्या वेळी तो तेथे उभा असल्याचे त्या बाईंनी कधी पाहिले नव्हते.

‘तुम्ही रोज येत होता याला पुरावा काय?’ असे विचारणे मला भाग होते. त्यांनी पिशवीतून मुलाची एक जुनी वही काढली. तिच्या मागच्या पानांवर रोजची एक रेघ, सातव्या रेघेला आडवी काट, महिना संपला की खाली पगाराचा आकडा. त्यांना लिहिता फारसे येत नव्हते. आस्थापनेच्या हजेरीपटाशी मी ती वही ताडून पाहिली. हजेरीपटात त्या एकही दिवस गैरहजर नव्हत्या. वहीत मात्र पतीच्या आजारपणाचे, जत्रेचे, पुराने रस्ता बंद झाल्याचे असे मिळून एकोणीस दिवस कोरे होते. त्या सबंध प्रकरणात खरा हजेरीपट तेवढा एकच होता, आणि तो त्यांनी स्वतःविरुद्धही खरा ठेवला होता.

पुढे भविष्य निर्वाह निधी कार्यालयात चौकशी झाली. कंत्राटदाराने भरले नाही तर मुख्य नियोक्त्याने भरावे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावे, असा कायदा आहे. मजुरीबाबत कंत्राटी कामगार कायद्याचेही तेच तत्त्व होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या श्रमसंहितेतही ते कायम आहे. त्याप्रमाणे आस्थापनेने रक्कम पुन्हा भरली. म्हणजे त्याच सफाईचे पैसे सरकारी तिजोरीतून दोनदा गेले. वसुली करायची तर ठेव माझ्याच संमतीने परत गेलेली, आणि कंत्राटदाराच्या पत्त्यावर कुलूप. या सर्वाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. पतीची शस्त्रक्रिया तोवर दागिने गहाण टाकून झाली होती. माझ्याकडून स्पष्टीकरण मागविण्यात आले. ते मी दिले, आणि कार्यपद्धतीनुसार तपासणी झाली होती असे ठरून प्रकरण बंद झाले. कार्यपद्धतीनुसार ती खरोखरच झाली होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक सवय लावून घेतली. माझ्या अखत्यारीतील सेवांच्या कंत्राटांपैकी कोणत्या तरी एका ठिकाणी, न कळविता, पगाराच्या दिवशी जाऊन उभा राहायचे. अधिकाऱ्यांना ते आवडत नसे. लेखाखात्याच्या माणसाने आपल्या टेबलाशी बसावे, असे एकाने मला तोंडावर ऐकविलेही. मी यादी हातात घेई आणि नावे पुकारी. पहिल्या खेपेला एका यादीतील चोवीस नावांपैकी सतरा जणींनीच ओ दिली. उरलेल्या सात नावांना चेहरे नव्हते. त्या महिन्याचे देयक सतरा जणींचे झाले. पुढच्या महिन्यात तेथे खरोखरच चोवीस स्त्रिया कामाला होत्या, आणि आवार स्वच्छ होते.

2013 मध्ये, निवृत्तीच्या काही दिवस आधी, त्या पहिल्या आस्थापनेत निरोपाच्या चहासाठी मला बोलावले होते. व्हरांड्यात त्या बाई भेटल्या. काम तेच, झाडू तोच, कंत्राटदार तिसरा. कंत्राट बदलले की माणसे बहुधा तीच राहतात, कारण आवाराची माहिती त्यांनाच असते. फक्त मालकाचे नाव बदलते. त्या वेळच्या उपदान कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षे एका मालकाकडे नोकरी झाली, की माणसाला उपदान मिळे. कंत्राटे दोन-दोन वर्षांची. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला, की कंत्राटी पद्धतीला बंदी झाली तरी कामगार आपोआप मुख्य नियोक्त्याच्या सेवेत जात नाहीत. तो दरवाजाही त्यामुळे जवळजवळ मिटला. मी त्यांना विचारले, ‘किती वर्षे झाली येथे?’ त्या म्हणाल्या, ‘मुलगा पाचवीत होता तेव्हापासून, भाऊ. आता कॉलेजला जातो.’ गळ्यात नव्या कंत्राटदाराने दिलेले ओळखपत्र होते. सवयीने मी ते हातात घेऊन वाचले. छायाचित्र त्यांचेच होते, नाव बरोबर होते. रुजू झाल्याचा दिनांक होता 1 एप्रिल 2013.